रोमेलची शेवटची मॅच

बहारीनमध्ये बेसबॉल खेळतात असं सांगितलं की जळगावचे नातेवाईक "हो का?" म्हणतात. मी तिथे बेसबॉलची अंपायर आहे असं सांगितलं की विषय बदलतात. एका मावससासूबाईंनी तर माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, बाजूला घेऊन विचारलं होतं, "तिला शाळेत नोकरी होती ना रे? ती सुटली का?"

नोकरी सुटली नव्हती. मनामातल्या एका भारतीय शाळेत मी पी.टी.ची शिक्षिका होते आणि गेल्या वर्षी रीतसर निवृत्त झाले. अंपायरिंग मात्र चालू आहे. शाळेने मला पेन्शन दिली नाही, गुडघे दिले. ते गुडघे मी प्लेटमागे वापरते आहे.

या कामात मला ओढलं रोमेलने. रोमेल हा आमच्या शाळेतला एसीचा मेकॅनिक, फिलिपिन्सचा. बुटका, रुंद खांद्यांचा, शिडीवर चढूनही गाणारा. एकदा मैदानात मी मुलींना सॉफ्टबॉल फेकायला शिकवत होते. तो वरच्या गच्चीवरून बघत होता. सुट्टीत खाली आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कॅचर होता ना?" रोमेलचं बोलणं म्हणजे इंग्रजी, हिंदी आणि अरबीची भेळ, ती मी इथे मराठीत वाढते आहे.

"तुला कसं कळलं?"

"बसण्यावरून. असं उकिडवं फक्त कॅचर बसतो, नाहीतर प्लंबर."

मी खरंच कॅचर होते. जळगावात सॉफ्टबॉलचं चांगलंच वेड आहे. कॉलेजात मी विद्यापीठाच्या टीमकडून खेळले होते. लग्नानंतर श्रीकांतच्या नोकरीमुळे बहारीनला आले, माहूजच्या एका फ्लॅटमध्ये संसार मांडला, आणि माझा ग्लव्ह माळ्यावर गेला. त्या शुक्रवारी रोमेल मला हमद टाउनच्या पलीकडे त्यांच्या मैदानावर घेऊन गेला. मैदान म्हणजे सपाट केलेली वाळू, मागे तारेची जाळी आणि पिचरसाठी मातीचा उंचवटा. गवत नावालाही नाही. फिलिपिनो, जपानी, कोरियन, अमेरिकन आणि हौशी बहारीनी अशा मिळून टीम होत्या. त्या दिवशी त्यांचा अंपायर ड्युटीवर अडकला होता. रोमेलने सगळ्यांसमोर माझ्या हातात मास्क दिला.

"मला अंपायरिंग येत नाही," मी म्हटलं.

"अंपायर म्हणजे कॅचरच्या मागे बसलेला दुसरा कॅचर. फक्त चेंडू पकडायचा नाही आणि कोणाला घाबरायचं नाही. यल्ला, चला, मॅडम."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीत एक पाचकोनी पांढरी प्लेट असते. तिच्या बाजूला बॅट घेतलेला माणूस, मागे उकिडवा कॅचर, आणि त्याच्या खांद्यावरून डोकावत वाकलेली मी. पिचरने टाकलेला चेंडू प्लेटवरून, गुडघे ते छाती एवढ्या उंचीतून गेला तर स्ट्राइक. नाही गेला तर बॉल. तीन स्ट्राइकला गडी बाद, चार बॉलला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, बक्षीस. क्रिकेटच्या पंचाला कोणीतरी ओरडून विचारतं तेव्हा तो बोट वर करतो. आम्हाला कोणी विचारत नाही, तरी प्रत्येक चेंडूवर निकाल द्यायचा असतो. आणि प्रत्येक निकालावर निम्मं मैदान नाराज असतं.

यात डोळ्यांइतकंच काम आवाजाचं. लहानपणापासून "जरा हळू बोल, मुलीच्या जातीला शोभत नाही" हे ऐकत वाढलेली मी पहिल्या स्ट्राइकला अशी ओरडले, की पार जाळीबाहेरच्या चहावाल्याने मान वळवून बघितलं. तिसऱ्या बेसवर उभा असलेला रोमेल टाळ्या वाजवायला लागला. पुढच्याच इनिंगमध्ये त्याला मी स्ट्राइकवर बाद दिलं, तेव्हा थांबल्या टाळ्या.

अमेरिकेत या कामाची शिडी असते. आधी अंपायरांची शाळा, त्यातून निवडलेले मोजके लोक सगळ्यात खालच्या लीगमध्ये, तिथे वर्षानुवर्षं बसचा प्रवास आणि स्वस्त मोटेल, मग एकेक पायरी वर. बहुतेकजण मध्येच घरी जातात. आमच्याकडे शिडी नव्हती. नियमांचं पुस्तक मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोनदा वाचून काढलं, आरशासमोर "सेफ"चे, म्हणजे नाबादचे, हात फैलावून शेजारच्या मल्याळी वहिनींना घाबरवलं, आणि क्लिनिक म्हणतात ती शिबिरं दुबईला, एकदा थेट तैवानला जाऊन केली. हळूहळू लीगवाले मला फायनल देऊ लागले.

प्लेटमागे एक अंपायर असतो, बेसजवळ दुसरा. माझा जोडीदार होता इक्बालभाई. दापोलीकडचा कोकणी मुसलमान, गोदीत क्रेन ऑपरेटर, राहायला नईममध्ये. उंचावर बसून लांबचं नेमकं बघायची सवय, त्यामुळे बेसवर त्याची नजर चुकत नसे. तो मला "बाय" म्हणायचा, म्हणजे त्याच्याकडच्या बोलीत बहीणच. दोन अंपायरांना एखाद्या निर्णयावर सल्लामसलत करायची असते तेव्हा ते मैदानाच्या मधोमध जाऊन हळू बोलतात. आम्ही बिनधास्त मराठीत बोलायचो. बहारीनच्या बेसबॉलमध्ये मराठी म्हणजे तिजोरी. आम्ही त्यात निर्णय ठेवायचो आणि जाता जाता कोचेसची उणीदुणीही.

एकदा दुसऱ्या बेसवर भांडण झालं. एका टीमचा टकलू कोच माझ्या नाकासमोर येऊन नाचायला लागला. मी इक्बालभाईला बाजूला घेतलं.

"काय दिसलं?"

"पाय आधी टेकला गो बाय. सेफ म्हंजे सेफ. ह्या टकल्याक सांग, गप बस म्हनावं. उगाच उन्हात तापलाय."

"तापेल नाहीतर काय. डोक्यावर एक केस नाही."

आम्ही गंभीर चेहरे करून वळलो. बाजूलाच त्याच टीमचा पिचर उभा होता, जासिम, पक्का बहारीनी पोरगा. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कोच आमचा टकला आहे, पण माणूस चांगला आहे हो."

जासिमने पुण्यात पाच वर्षं काढून बी.कॉम. केलं होतं. सदाशिव पेठेत खोली घेऊन. इक्बालभाईचं तोंड उघडं राहिलं. मी नियमांच्या पुस्तकात यावर काय लिहिलंय ते आठवायचा प्रयत्न केला. काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून जासिम मला ताई म्हणतो आणि आम्ही सल्लामसलत खाणाखुणांनी करतो.

आता त्या सेमीफायनलचं सांगते. सांगायचं ते खरं तर तेच आहे.

शाळेने मेंटेनन्सचं काम कंत्राटदाराला द्यायचं ठरवलं आणि रोमेलचा व्हिसा संपत आला. पुढच्या आठवड्यात तो कायमचा घरी जाणार होता. बहारीनमध्ये त्याची उमर गेली होती. बायको-मुलं, आई तिकडे, आणि इथे ही टीम. त्यांची टीम कधीच फायनलला पोचली नव्हती. त्या शुक्रवारी सेमीफायनल होती, जासिमच्या टीमशी. रोमेलच्या टीमचे तिघे शिफ्टमुळे येऊ शकले नाहीत; नेमके नऊजण होते. आमच्या लीगचा नियम असा की नऊपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना दुसऱ्या टीमला.

आणि त्या दिवशी स्टॅंडमध्ये टोपी घालून बसले होते हॅरिससाहेब. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये आयुष्य काढलेले निवृत्त अंपायर. आशियाई पात्रता स्पर्धेसाठी आमच्या भागातून एक अंपायर निवडायला आले होते. मी आणि इक्बालभाई, दोघंही यादीत होतो. सामन्याआधी इक्बालभाई म्हणाला, "बाय, आज नीट. तो म्हातारा पापनी पन हलवत नाय."

पाचवी इनिंग. रोमेलची टीम दोन रनांनी पुढे. बॅटिंगला रोमेल. जासिमच्या हातातून चेंडू निसटला आणि सरळ रोमेलच्या हेल्मेटवर, कानाच्या वर बसला. तो आवाज मला अजून आठवतो, नारळ फोडल्यासारखा. रोमेल खाली बसला. मी हात वर करून खेळ थांबवला. जासिम धावत आला, "ताई, चुकून लागला, वल्ला, शप्पथ, चुकून." मला माहीत होतं.

रोमेल क्षणभरात उभा राहिला. हसला. मी बोटं दाखवली, त्याने बरोबर मोजली. कोणती इनिंग, समोर कोण, सगळं सांगितलं. चेंडू अंगाला लागला की बॅट्समनला पहिला बेस मिळतो. मी म्हटलं, "जा, पण हळू." रोमेलने बॅट टाकली, आणि तो तिसऱ्या बेसच्या दिशेने, म्हणजे नेमका उलटीकडे, चालायला लागला.

त्याच्या टीमचे लोक हसले. तो पाचसहा पावलं गेला, थांबला, वळला, आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "जोक! जोक, मॅडम!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. रोमेल जोक करणाराच माणूस. पण जोक करणारा आधी प्रेक्षकांकडे बघतो. वळण्याआधी रोमेलने कोणाकडेच बघितलं नव्हतं.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर काढायचा अधिकार आमच्या लीगमध्ये प्लेट अंपायरला असतो. मी त्याच्याजवळ गेले. "रोमेल, खलास. तू बाहेर."

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी गेलो तर आठ उरतात."

"माहीत आहे."

"सामना जाईल."

"माहीत आहे."

"मॅडम, ही माझी शेवटची मॅच आहे."

तेही मला माहीत होतं. त्याच्या टीमचा कोच, बेन नावाचा शांत गृहस्थ, पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "तो ठीक आहे! तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, नाही, म्हणूनच डॉक्टरकडे पाठवते आहे. खेळाडू भोवती जमले. कोणीतरी टॅगालोगमध्ये, त्यांच्या भाषेत, काहीतरी म्हणालं. अर्थ कळला नाही, पण सूर जगात सगळीकडे सारखाच असतो. मग जासिम पुढे आला. "ताई, आमच्यातला एक घ्या त्यांना. खेळू दे ना." त्याच्या टकलू कोचनेही मान हलवली. जासिम म्हणाला होता ना, माणूस चांगला होता. पण नियमात ते बसत नव्हतं. सेमीफायनल होती, उद्या तिसरी टीम बोट दाखवणार. मी इक्बालभाईकडे बघितलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "तुझी प्लेट, तुझा निकाल. मी तुझ्या मागं हाय."

मी सामना जासिमच्या टीमला दिला. जिंकलेल्यांपैकी एकानेही उडी मारली नाही. रोमेलने हेल्मेट काढून वाळूत ठेवलं, आपटलं नाही. माझ्याकडे न बघता गाडीकडे गेला. बेन त्याला सलमानिया भागातल्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

संध्याकाळी बेनचा फोन आला. स्कॅन स्वच्छ होता. "काहीही झालेलं नाही," तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला आणि फोन ठेवला.

मला अतिशय आनंद झाला. आणि अतिशय वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. श्रीकांतने चहा केला. आमची मुलगी म्हणाली, "आई, बट यू वेअर राइट, ना?" मी म्हटलं, हो. त्यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. बरोबर निकाल दिल्यावर समाधान वाटायलाच हवं असा नियम मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवशी हॅरिससाहेबांनी आम्हा दोघांना कॉफीला बोलावलं. त्यांच्यासमोर कागद होता, पण ते त्यात बघत नव्हते. माझ्याबद्दल त्यांनी बोलायला सुरुवात केली ती पायांपासून. तिसऱ्या बेसच्या रेषेवर चेंडू उडाला की मी प्लेटमागून उशिरा निघते. निघताना पहिलं पाऊल मागे टाकते. मास्क उजव्या हाताने काढते. तो डाव्याने काढायचा असतो, कारण इशारे उजव्या हाताचे. स्ट्राइकचा निकाल उत्तम, आवाज उत्तम, पण पाय शाळकरी. तसंच बरंच काही. सेमीफायनलमधल्या त्या प्रसंगाबद्दल एक शब्द नाही. शेवटी मला राहवलं नाही.

"सर, आणि त्या खेळाडूला बाहेर काढलं, त्याचं काय?"

"त्याचं काय?"

"ते बरोबर होतं का?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तुला शंका होती?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतेस?" आणि ते पुन्हा माझ्या पायांकडे वळले.

त्या वर्षी निवड इक्बालभाईची झाली. मला राग आला, पण तो माझ्या पायांचा. इक्बालभाई एकदम अपराधी चेहरा करून म्हणाला, "बाय, तुझाच नंबर होता." मी म्हटलं, गप्प बसा आणि सूटकेस भरा.

रोमेल जायच्या आदल्या रात्री मी इक्बालभाईबरोबर नईममध्ये त्याच्या खोलीवर गेले. शिंप्याच्या दुकानावर खोली होती. जिन्यात तळलेल्या लसणाचा वास. रोमेलने दार उघडलं, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, स्वतः बांधलेल्या बॅगेवर बसला. टीमने त्याला निरोपाचं जेवण दिलं होतं, त्यातल्या शेवया त्याने आमच्यापुढे ठेवल्या.

"डोकं कसं आहे?" मी विचारलं.

"डोकं पहिल्या दिवसापासून चांगलं आहे."

"बरं झालं."

"नाही झालं बरं, मॅडम. फायनल बघायला गेलो होतो मी. बाहेर उभा राहून." तो शेवयांच्या बशीकडे बघत होता. "तुम्हाला मास्क मी दिला होता."

"हो."

"उद्या पुन्हा असं झालं तर?"

इक्बालभाईने माझ्याकडे बघितलं. तिथे खोटं बोलणं सोपं होतं. त्याची शेवटची रात्र गोड करता आली असती. "उद्याही हेच करेन, रोमेल."

त्याने मान हलवली. त्याला हेच उत्तर अपेक्षित असावं. पण अपेक्षित असलं म्हणून आवडतं असं नाही. आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. हात मिळवला नाही.

पुढच्या मोसमात बेनच्या टीमने लेखी मागणी केली की त्यांच्या सामन्याला मला नेमू नये. लीगने मान्य केली. त्यांचा सामना असला की मी जाळीबाहेर उभी राहून बघायचे. मीही एक मागणी केली: डोक्याला मार लागून खेळाडू बाहेर गेला तर टीमला आठजणांनी खेळायची मुभा द्यावी. त्यावर बरीच वादावादी झाली, जासिमच्या टकलू कोचने माझ्या बाजूने तासभर भाषण केलं, आणि नियम बदलला. तो नियम आजही आहे. रोमेलला त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि मी पायांचं काम काढलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात, प्लेटच्या जागी पुठ्ठा ठेवून. पहिलं पाऊल पुढे, मास्क डाव्या हाताने. मुलं जिन्यावरून बघायची. इक्बालभाई सुट्टीच्या दिवशी येऊन तिसऱ्या बेसच्या दिशेला चेंडू उडवायचा आणि म्हणायचा, "उशीर, बाय. परत." पुढच्या निवडीला हॅरिससाहेब पुन्हा आले. दोन सामने बघितले. पायांबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणजे काय ते मला आता कळायला लागलं होतं.

माझी निवड झाली. स्पर्धा फिलिपिन्समध्ये होती.

तिथलं मैदान बघून मी हरखले. हिरवंगार गवत, खरी लाल माती, भरलेला स्टॅंड. माझा पहिला सामना यजमान देशाचा आणि मी प्लेटमागे. पहिल्या इनिंगमध्ये त्यांच्या बॅट्समनला मी तिसरा स्ट्राइक दिला, आणि मागून, जाळीच्या अगदी जवळून, एक आवाज आला:

"मॅडम! आँख मफी!"

मफी म्हणजे आखाती अरबीत "नाही". डोळे नाहीत. अख्ख्या स्टेडियममध्ये ही भाषा बोलणारा एकच माणूस असू शकत होता.

सामन्यात अंपायरने प्रेक्षकांकडे बघायचं नसतं. पण प्लेटवर माती साचली की ब्रशने झाडावी लागते, आणि झाडताना मैदानाकडे पाठ करायची, हा आमचा जुना शिरस्ता. प्लेटवर फारशी माती नव्हती. मी झाडली. मान वर केली तर पहिल्याच रांगेत रोमेल, थोडा जाड झालेला, दोन्ही हात तोंडाशी धरून. शेजारी बायको, दोन मुलं, आणि एक ठेंगणी म्हातारी.

पूर्ण सामनाभर तो ओरडत होता. बॉल दिला तरी, स्ट्राइक दिला तरी. "मॅडम, चष्मा बहारीनमध्ये राहिला का?" "यल्ला, मॅडम, घरी जा!" आजूबाजूच्यांना वाटलं असेल की या माणसाचं माझ्याशी सात जन्मांचं वैर आहे. इतकं मन लावून मला आजवर कोणी शिव्या घातल्या नव्हत्या. मी त्या दिवशी फार चांगलं काम केलं.

सामना संपल्यावर तो खेळाडूंच्या दरवाजापाशी उभा होता, सगळं कुटुंब घेऊन. आम्ही एकमेकांकडे बघून थोडे अवघडलो. मग त्याची आई पुढे आली. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि टॅगालोगमध्ये बरंच काही बोलली, मध्येच लेकाच्या डोक्याकडे बोट दाखवून. थांबली. मी रोमेलकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. म्हातारीने त्याला कोपर मारलं.

"म्हणते, बरं केलंस," तो पुटपुटला.

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी नाही म्हणत, मॅडम," रोमेल म्हणाला. "आई म्हणते."